शंभर घरांची वही: शहरातल्या वस्तीत आरोग्याचं काम कसं उभं करायचं

मुंबईत नगरसेवकाचा वाढदिवस असो की मंडळाचा रौप्यमहोत्सव, मोफत आरोग्य शिबिराचा बॅनर लागतोच. मांडव, खुर्च्या, बीपीचं मशीन, बोटाला सुई टोचून शुगर, आठवड्याच्या गोळ्या, शेवटी फोटो. त्या दिवशी जिची शुगर अडीचशेच्या वर निघाली, त्या बाईचं पुढच्या महिन्यात काय झालं हे विचारलं तर आयोजकांपैकी कुणालाही सांगता येत नाही. शिबिर वाईट नसतं. पण त्यानं वस्तीचं आरोग्य सुधारत नाही, कारण वस्तीत अडतं ते तपासणीपाशी कमी आणि तपासणीनंतर जास्त.

२०११च्या जनगणनेत मुंबईतल्या दर दहा घरांपैकी साधारण चार घरं झोपडपट्टीत होती. म्हणजे हा प्रश्न शहराच्या कडेचा नाही. महिला मंडळ, बचत गट, कॉलेजातल्या मुलांचा गट किंवा एकटीदुकटी उत्साही ताई, ज्यांना आपल्याच वस्तीत काही करायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं मुंबईची आहेत. पुण्या-नागपुरात खात्यांची नावं आणि दवाखान्यांच्या वेळा बदलतील, बाकी बरंचसं तसंच राहील.

आधी गल्ली ठरवा

‘आपण गोवंडीत काम करू’ असं म्हणू नका. गोवंडी म्हणजे काही लाख माणसं. एक गल्ली किंवा एक चाळ घ्या, शंभर घरांच्या आत. हा आकडा माझ्या मनाचा नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती धरलेली आहे आणि तिला वर्षाला ५,००० रुपयांचा निधी ठरवलेला आहे. तुमच्या गल्लीत अशी समिती कागदावर असण्याची शक्यता बरीच आहे. आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. समिती असेल तर नव्यानं संस्था काढायच्या भानगडीत पडू नका, त्याच समितीत जीव आणा.

एक दिवस नुसतं फिरा आणि कागदावर गल्लीचा नकाशा काढा. नळ कुठे, गटार कुठून जातं, शौचालय किती लांब, कोणत्या घरांना खिडकीच नाही, कुठे जरीचं किंवा भंगाराचं काम चालतं. भांडुप किंवा असल्फाच्या टेकडीवरच्या वस्तीत पाणी वर चढत नाही, हा मूळ प्रश्न निघेल. धारावीत घर आणि कारखाना एकाच खोलीत असतात, तिथे धूर आणि उष्णता निघेल. एका वस्तीचा आराखडा दुसरीवर चिकटवला की काम फसतं.

कुणाकडे आधी जायचं

महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, आरोग्यसेविका किंवा आशाताई आणि अंगणवाडी सेविका या तिघींना आधी भेटा. मगच नगरसेवक, मंडळ वगैरे. या बायका वर्षानुवर्षं त्याच गल्ल्यांतून फिरत असतात. कुठल्या घरात गरोदर बाई आहे, कोण गोळ्या अर्धवट सोडून बसलंय हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना डावलून काम सुरू केलंत तर पहिल्याच महिन्यात दोन सर्व्हे, दोन याद्या आणि एक भांडण हाती लागेल. आणि उलट बाजूनं, तुमचं काम त्यांच्या अंगावर टाकू नका. आशाताईला मानधन मिळतं, पगार नाही. त्यांना विचारायचा प्रश्न असा: ‘ताई, तुमचं कुठलं काम वेळेअभावी राहतं?’ उत्तर बहुतेक वेळा ‘परत जाऊन विचारणं’ असंच येतं. तेच तुमचं काम.

गल्लीतल्या खासगी डॉक्टरांनाही भेटा. रात्री नऊला ताप आलेलं पोर तिथेच नेलं जातं, हे वास्तव आहे. मात्र दरवाजावर नोंदणी क्रमांक लावलेला आहे का ते पाहा. आणि तापात सलाईन लावलं की ‘लगेच बरं वाटतं’ या समजुतीशी तुम्हाला पुढे बराच काळ झुंजावं लागणार आहे, त्याची तयारी ठेवा.

नगरसेवकाला कल्पना द्या, मदत मागा. घरांच्या नोंदीची जी वही ठेवणार आहात (तिच्याबद्दल पुढे), तिच्यावर त्याचा फोटो छापू नका. छापलात तर निवडणुकीनंतर निम्म्या घरांची दारं बंद होतात.

वही

दोनशे पानी जाड वही पुरते. मोबाईलवरचं ॲप नंतर बघू. प्रत्येक घराला एक पान: घरातली माणसं, वयं, कोण किती वाजता घरी असतं, रेशन कार्ड आहे का आणि त्यावर कुणाकुणाची नावं, पाच वर्षांखालची मुलं आणि त्यांचे लसींचे डोस, गरोदर बाई, तिशीच्या वरची माणसं, कुणाला रोजच्या गोळ्या. शेवटी एक रकाना, आणि सगळ्या वहीतला महत्त्वाचा तोच: ‘पुढे कधी विचारायचं’. तारखेशिवाय कुठलंही पान बंद करायचं नाही.

वहीत काय लिहायचं नाही हेही ठरवा. टीबी, एचआयव्ही, गर्भपात, नवऱ्याची मारहाण यातलं काहीही नावासकट लिहू नका. खूण ठेवा, तीही फक्त तुमच्यातल्या दोघींना कळेल अशी. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला टीबी झाल्याचं गल्लीत पसरलं तर मालक खोली खाली करायला सांगतो. वही घरी कुलपात ठेवायची आणि तिचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवायचे नाहीत.

घरोघरी जायची वेळ नळाच्या वेळेवरून ठरवा. पाणी सुटलेलं असताना कुणीही तुमच्याशी बोलणार नाही, बोलायलाही नको. धुणीभांडी करणाऱ्या बायका दुपारी दोन-तीनला घरी येतात, नाक्यावरचे कामगार रात्री, रिक्षावाले पाळीप्रमाणे. सकाळी अकराला फेरी मारली तर सासूबाई तेवढ्या भेटतात, आणि मग तुमच्या वहीत सगळी वस्ती साठीची दिसते.

पाणी

सुरुवात पाण्यापासून करा. इथे फरक लवकर दिसतो आणि लोकांचा विश्वास बसतो.

मुंबईला बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक तासच येतं. नळ बंद असताना पाईपमधला दाब जातो आणि पाईप गटारातून गेलेला असेल, एखादा सांधा गळका असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं येणारं पाणी पिण्यासाठी भरू नका, ते धुण्याला किंवा मोरीला घ्या. सांगायला सोपं आहे, पण जिथे नळ एक आणि रांग मोठी तिथे पहिलं पाणी कुणाच्या वाट्याला येणार यावरून वाद होतो. गल्लीची बैठक घेऊन ते पाणी सामायिक पिंपात घ्यायचं आणि शौचालय धुवायला वापरायचं, असा मार्ग काढता येतो.

दुसरी गोष्ट घरातली. नळाला चांगलं आलेलं पाणीही पिंपात हात आणि पेला बुडवून बिघडतं. तोटीचं भांडं परवडत नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं घ्या आणि ते पिंपाला टांगून ठेवा, खाली नको. पाणी उकळायचं तर खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. अर्धा तास उकळून गॅस जाळायची गरज नाही. गॅस परवडत नसेल तर आरोग्य केंद्रातून क्लोरीनच्या गोळ्या मागा. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळा, किती लिटरला एक गोळी हे पाकिटावर पाहून टाका आणि अर्धा तास थांबा. वास येतो म्हणून लोक गोळ्या टाळतात. रात्री टाकून ठेवल्या की सकाळपर्यंत वास बराच कमी होतो.

पाण्याला वास येतोय किंवा रंग बदललाय असं दिसलं तर महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. शिवाय वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या. एका अर्जात एकच विषय, दोन फोटो, दहा सह्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पाणी, गटार, दिवे, कचरा सगळं एका अर्जात कोंबलं की तो अर्ज खात्याखात्यांतून फिरत बसतो.

जुलाब लागलेल्या मुलाला ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेची पावडर पाण्यात कालवून, द्यायचं. पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यातच कालवायचं. पेल्यात चिमूट-चिमूट टाकणं चूक. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरीही. मात्रा सिस्टर वयाप्रमाणे सांगतात. अंगावरचं दूध थांबवायचं नाही. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली किंवा शौचात रक्त दिसलं तर घरगुती उपाय बंद आणि थेट रुग्णालय.

मुलं आणि डोस

२०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीत गोवराची साथ आली आणि मुलं दगावली. गोवराची लस मोफत आहे: नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. डोस राहतात त्यामागे ‘अज्ञान’ हे भाषणात सांगायचं कारण आहे. वस्तीत फिरलात तर दुसरीच कारणं सापडतील. बाळंतपणाला बाई गावी गेली आणि कार्ड तिकडेच राहिलं. डोसच्या दिवशी तिचं काम होतं. मागच्या वेळी ताप आला तेव्हा नवऱ्यानं आकांडतांडव केलं. यातल्या प्रत्येकाला वेगळं उत्तर आहे. कार्ड हरवलं तरी आरोग्य केंद्रात जा, राहिलेला डोस तिथून पुढे चालू करता येतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. तापाच्या भीतीवर उपाय म्हणजे डोसच्या संध्याकाळी त्या घरी डोकावून येणं. शेजारीण नुसती विचारायला आली तरी घर शांत होतं.

दंडाचा घेर मोजायची पट्टी अंगणवाडीत असते, वापरायला शिकून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५च्या मध्ये असेल तर मध्यम. दोन्ही पायांना सूज असेल तर आकडा न बघता डॉक्टरकडे. वस्तीत अन्न अजिबात नाही अशी घरं थोडी. आई कामावर, आणि मोठ्या बहिणीच्या हातात पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटाचे पैसे, अशी घरं खूप. त्यांना ‘सकस आहार द्या’ म्हणून उपयोग नाही. शेंगदाण्याचा लाडू, उकडलेलं अंडं, तेल-डाळ कालवलेला भात, केळं, असं न शिजवता किंवा सकाळीच करून ठेवता येईल ते सुचवा, आणि पाळणाघरासारखी सोय गल्लीत दोन-तीन घरांत मिळून होते का ते बघा.

टीबी

इथे थोडं थांबतो, कारण मुंबईच्या वस्त्यांत हा आजार घरांच्या रचनेतच मुरलेला आहे. खिडकी नसलेली दहा बाय दहाची खोली, त्यात सहा माणसं, वर पोटमाळा. पुनर्वसनाच्या इमारतींनीही हे सुटलेलं नाही. गोवंडी-मानखुर्दच्या काही वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचतच नाही, आणि टीबीचे रुग्ण तिथे जास्त सापडल्याचं अभ्यासातूनही पुढे आलं आहे.

दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, बेडक्यात रक्त, यातलं काही असेल तर बेडक्याची तपासणी आणि एक्स-रे. दोन्ही सरकारी केंद्रात मोफत. माणसाला नुसतं ‘जा’ म्हणून सांगू नका, पहिल्या वेळी सोबत जा. केसपेपर कुठे काढायचा, बेडक्याची डबी कुठे द्यायची, रिपोर्ट कधी, या तीन प्रश्नांपाशी निम्मे लोक परत फिरतात.

औषधं सुरू झाली की खरी जबाबदारी लागते. साध्या टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात खोकला जातो, वजन वाढतं, आणि तिथेच गोळ्या सुटतात. वहीतली तारीख नेमकी तेव्हाची ठेवा. गोळ्यांनी मळमळ होते, लघवी लालसर-नारिंगी होते. ही गोष्ट आधी सांगितली असेल तर माणूस घाबरत नाही. डोळे पिवळे झाले किंवा नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टर.

निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या बँक खात्यात पैसे येतात. २०१८ साली महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४पासून १,००० आहेत. खातं नसणं, आधार जोडलेलं नसणं, नावातली चूक, यामुळे ते अडकतात. बँकेत सोबत जायचं हे काम आरोग्याचंच आहे असं समजा. घरातल्या इतरांनीही तपासून घ्यायचं असतं, आणि डॉक्टर सांगतील त्यांना प्रतिबंधक गोळ्याही मिळतात. ताट-वाटी वेगळी काढायची गरज नाही, टीबी हवेतून पसरतो. खिडकी उघडा, खोकताना तोंडावर फडकं धरा, आणि त्या माणसाला घरातल्या घरात वाळीत टाकू नका.

बीपी, शुगर आणि गावची वाट

मनगटाचं नको, दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घ्या. पाच मिनिटं बसवून, बोलू न देता, दोनदा मोजा. १४०/९०च्या वर दोन वेगवेगळ्या दिवशी आलं तर दवाखान्यात पाठवा. १८०/१२०च्या वर असेल तर त्याच दिवशी, आणि छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं किंवा तोंड वाकडं होणं असेल तर १०८ला फोन. निदान तुम्ही करायचं नाही, गोळी सुचवायची नाही, आणि ‘माझी गोळी तिला चालली’ ही देवाणघेवाण थांबवायची.

सरकारी ओपीडी सकाळची असते आणि रोजंदारीवरच्या माणसाला एक सकाळ म्हणजे एक मजुरी. म्हणून महापालिकेचा संध्याकाळी चालणारा ‘आपला दवाखाना’ जवळ कुठे आहे ते शोधा. तिथल्या वेळा आणि औषधांचा साठा आधी स्वतः बघून या, मगच लोकांना पाठवा. एकदा खेप फुकट गेली की तो माणूस पुन्हा जात नाही.

गोळ्या सुटण्याचा हंगाम असतो. मे महिना, गणपती, शिमगा, आणि उत्तरेकडच्या कुटुंबांची छठ-दिवाळी. माणूस पंधरा दिवसांसाठी गावी जातो, दोन महिने राहतो, औषधं संपतात. एप्रिलमध्ये आणि गणपतीच्या पंधरा दिवस आधी वही उघडा, गोळ्यावाल्या सगळ्या घरांत जा आणि जादा महिन्याच्या गोळ्या घेऊन ठेवायला लावा. टीबीच्या रुग्णाला केंद्रातून गावच्या केंद्रात बदली करून मिळते. ती मागून घ्या. माझ्या मते वर्षभरातली सगळ्यात उपयोगी फेरी हीच.

मिठाबद्दल बोलताना डाळीतल्या मिठापाशी अडकू नका. लोणचं, पापड, वेफर, वडापावबरोबरची चटणी यांचा हिशोब लावा. आणि मशेरीला विसरू नका. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, पण घरात भाजलेल्या मशेरीला कुणी तंबाखू समजतच नाही. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणं दिसलं तर तपासणीला न्या.

कागद आजारपणाच्या आधी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या रेशन कार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ठरवून दिलेल्या उपचारांसाठी, यादीतल्याच रुग्णालयात, आणि मुख्यतः दाखल झाल्यावर. त्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असा टेबलाशी बसलेला माणूस असतो, आधी त्याला गाठायचं. माहितीसाठी १५५३८८. अडचण येते ती अशी, की नव्या सुनेचं किंवा बाळाचं नाव रेशन कार्डावर चढवलेलंच नसतं आणि हे रुग्णालयाच्या दारात कळतं. परराज्यातल्या कुटुंबाकडे केंद्राच्या आरोग्य विम्याचं आयुष्मान कार्ड असेल तर तेही इथल्या यादीतल्या रुग्णालयात दाखवता येतं.

धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग फार कमी लोकांना ठाऊक असतो. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना, कितीही काचेची दिसली तरी, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून तो आधीच काढून ठेवा. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं, बिलिंगच्या खिडकीशी वाद घालायचा नाही. नकार मिळाला तर तो लेखी मागा. तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे करता येते.

पावसाळा, शौचालय

डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून सगळ्या गल्लीनं पिंपं रिकामी करून आतून घासायची. नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. पत्र्यावरची ताडपत्री आणि टायरही बघा. साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांनी ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन लेप्टोच्या (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्यांविषयी विचारायचं. नंतर ताप आला तर पाण्यातून गेल्याचं डॉक्टरला आवर्जून सांगायचं.

सार्वजनिक शौचालयाच्या बाबतीत तीन मागण्या धरून ठेवा: आतून लागणारी कडी, रात्रीचा दिवा, बायकांच्या बाजूला पाणी आणि झाकणाची कचरापेटी. रात्री जायला नको म्हणून बायका संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत आणि मग लघवीच्या जळजळीच्या गोळ्या खात राहतात.

घरातलं न सांगितलेलं

काही महिन्यांनी बायका तुम्हाला वेगळंच सांगायला लागतील. मारहाण, दारू, झोप न लागणं, जीव नकोसा होणं. सल्ला देऊ नका, समेट घडवायला जाऊ नका. ऐकून घ्या, आणि पुढचा पत्ता माहीत असू द्या. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या स्वयंसेवी संस्थेनं मिळून मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी सुरू केलेलं ‘दिलासा’ केंद्र आहे, आता महापालिकेच्या आणखी काही रुग्णालयांतही आहे. तिथे बाई ‘ओपीडीला जाते’ म्हणून जाऊ शकते, घरी संशय येत नाही. महिला हेल्पलाइन १८१, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. जीवाला धोका दिसत असेल तर ११२.

महिन्यातून एकदा

दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, अर्धा-पाऊण तास, कुणाच्या तरी ओट्यावर बसा. वही उघडून फक्त चुकलेल्या तारखा वाचा. नावं नकोत, घराचे आकडे पुरे. सहा महिन्यांनी तीन गोष्टी मोजा: दोन वर्षांखालच्या किती मुलांचे डोस वेळेवर आहेत, गोळ्यावाल्यांपैकी किती जणांकडे आज गोळ्या शिल्लक आहेत, आणि किती घरांच्या रेशन कार्डावर सगळी नावं आहेत. आकडे हलले नसतील तर भाषणं वाढवू नका, फेरीची वेळ बदलून बघा.

दुसरी गल्ली घ्यायचा मोह लवकर होतो, विशेषतः कुणी संस्था पैसे घेऊन आली की. त्याआधी वही चालवणारी दुसरी बाई तयार झाली आहे का ते पाहा. वस्तीत माणसं हलतात, एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची, इमारत उठायला लागली की अख्खी गल्ली संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, जाते. असं ठरलं की पहिल्या आठवड्यात प्रत्येक घराचा नवा पत्ता आणि मोबाईल नंबर वहीत घ्या, आणि तिकडच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना जाऊन भेटा, गरोदर बायका आणि टीबीचे रुग्ण सगळ्यात आधी.